सांगलीचा कैदी, कोइंब्राचा मठ

मोहन रानडे आमच्या सांगलीचे. मूळ नाव मनोहर आपटे. ऑक्टोबर १९५५मध्ये पोर्तुगीज सत्तेविरुद्ध लढणाऱ्या आझाद गोमंतक दलाने पणजीच्या पलीकडच्या काठावर, बेतीच्या पोलीस ठाण्यावर हल्ला केला, त्यात ते जखमी होऊन पकडले गेले. सव्वीस वर्षांची शिक्षा झाली. त्यांना गोव्यातून पोर्तुगालला नेलं आणि लिस्बनजवळच्या काशियासच्या किल्ल्यात ठेवलं. काही वर्षं तर एकांत कोठडीत गेली. डिसेंबर १९६१मध्ये भारतीय सैन्याने गोवा मुक्त केला. रानडे सुटले ते जानेवारी १९६९मध्ये.

साताऱ्याच्या कॉलेजात इतिहास शिकवत असताना मी ही हकिगत सांगितली की मुलं हमखास विचारायची, ‘मॅडम, गोवा सुटला मग हे का नाही सुटले?’ विशेषतः मागच्या बाकांवरची कराड-पाटणकडची मुलं. प्रश्न रास्तच होता. मे १९६२मध्ये भारताने तीन हजारांहून अधिक पोर्तुगीज युद्धकैदी त्यांच्या देशात परत पाठवले. त्यांच्या बदल्यात एक सांगलीकर मागून घेता आला नाही, ही दिल्लीची चूक मी वर्गात कधी झाकली नाही. पण उत्तराचा मोठा भाग दिल्लीत नाही, पोर्तुगालमध्ये आहे. लिस्बनच्या लेखी गोवा हा पोर्तुगालचाच प्रांत होता, तो ‘गेला’ हेच त्यांना मान्य नव्हतं, आणि रानडे त्यांच्या कायद्याचे गुन्हेगार होते. असं मानणारी ही माणसं कोण, हे बघायला लागलं की वाट कोइंब्रा नावाच्या विद्यापीठाच्या गावात जाते, काही कॅथलिक विद्यार्थ्यांच्या मंडळात.

१९१०मध्ये पोर्तुगालमध्ये राजा गेला आणि प्रजासत्ताक आलं. नव्या राज्यकर्त्यांनी चर्चवर मोठाच घाव घातला. जेझुइटांना हाकललं, मठ बंद केले, एप्रिल १९११च्या कायद्याने धर्म आणि राज्य वेगळं केलं. श्रद्धाळू घरांतली मुलं कोइंब्रात शिकायला येत ती या अपमानाने पेटलेली असत. त्यांनी १९१२मध्ये आपलं जुनं मंडळ पुन्हा उभं केलं. ख्रिस्ती लोकशाहीचं विद्यापीठ केंद्र, असं त्याचं नाव. भक्ती, अभ्यास आणि कृती हे त्याचं ब्रीद. त्यांनी एक साप्ताहिक काढलं, त्याचा संपादक मानुएल गोन्साल्व्हिश सेरेजैरा हा तरुण पाद्री. त्यात लिहिणाऱ्यांपैकी एक होता आंतोनियु द ओलिव्हैरा सालाझार. शेतकरी घरातला, व्हिझेउच्या सेमिनरीत शिकलेला. पाद्री होता होता राहिला आणि अर्थशास्त्राचा प्राध्यापक झाला. हे दोघे पुढे कितीतरी वर्षं ग्रिलुश नावाच्या जुन्या मठात एकाच छपराखाली राहिले. एक पुढे देशाचा हुकूमशहा झाला, दुसरा त्या देशातला सर्वांत मोठा धर्मगुरू.

या मुलांबद्दल मला एक गोष्ट आवर्जून सांगायची आहे. ती सुरुवातीला सत्तेसाठी एकत्र आली नव्हती. त्यांच्यावर अन्याय झाला होता, तो खरा होता, आणि त्यांनी केलं ते कोणत्याही तरुण संघटनेने करावं तसंच होतं: वाचन, व्याख्यानं, पत्रक, एकमेकांची काळजी. ओळखीची ही वीण पक्की होत गेली. १९१७मध्ये कॅथलिकांचा राजकीय पक्ष निघाला, पोर्तुगीज कॅथलिक केंद्र. १९२१मध्ये सालाझार त्याच्या तिकिटावर खासदार झाले. २८ मे १९२६ला लष्कराने बंड करून प्रजासत्ताक मोडलं. सेनापतींना राज्य घेता आलं, हिशेब जमेना. मग एप्रिल १९२८मध्ये कोइंब्राच्या प्राध्यापकाला अर्थमंत्री म्हणून बोलावलं. प्रत्येक खात्याच्या खर्चावर आपलं नियंत्रण राहील, या अटीवर ते आले. ‘नोव्हिदादिश’ हे कॅथलिक दैनिक त्यांची बाजू उचलून धरत होतं.

१९२९चं एक प्रकरण मला फार बोलकं वाटतं. तेव्हाचे न्यायमंत्री मारिउ द फिगैरेदु हेही त्याच कोइंब्राच्या मंडळातले. त्यांनी चर्चच्या घंटा वाजवण्यावरची आणि मिरवणुकांवरची बंधनं सैल करणारा हुकूम काढला. लष्करातले जुने प्रजासत्ताकवादी खवळले, मंत्रिमंडळ अडचणीत आलं, फिगैरेदु गेले. सालाझारांनीही राजीनामा पुढे केला, पण राष्ट्राध्यक्ष कार्मोनांनी त्यांना जाऊ दिलं नाही. या पेचातून बाहेर पडले ते अधिक ताकदवान सालाझार. त्याच वर्षी सेरेजैरा लिस्बनचे पॅट्रिआर्क झाले. १९३२मध्ये सालाझार पंतप्रधान झाले, १९३३मध्ये नवी राज्यघटना आली. ‘नवं राज्य’ हे त्या राजवटीचं नाव. पक्षांना बंदी, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर, आणि गुप्त पोलीस. सालाझारांनी स्वतःच्या कॅथलिक पक्षालाही सांगितलं, आता तुमचं राजकीय काम संपलं, समाजकार्य करा. तो पक्ष विरून गेला. ज्या संघटनेच्या खांद्यावरून ते वर चढले तिलाच त्यांनी खाली बसवलं, आणि संघटनेने फारशी कुरकुर केली नाही, कारण घंटा पुन्हा वाजत होत्या.

इथे साताऱ्याचं एक उदाहरण मनात येतं. १९४०च्या दशकात आमच्याकडेही एक जाळं होतं. सत्यशोधक जलशांतून, तालमींतून, गावकीतून तयार झालेलं, एकमेकांना नावानिशी ओळखणाऱ्या माणसांचं. नाना पाटलांचं प्रतिसरकार त्यावर उभं राहिलं. ७ जून १९४३ला शेणोलीजवळ रेल्वे अडवून इंग्रज सरकारचा पगाराचा पैसा घेतला तो याच माणसांनी. त्यांनी न्यायनिवाडे केले, शिक्षाही केल्या, त्यातल्या काही कठोर होत्या. तेही एक राज्यच होतं. पण स्वातंत्र्य येताच ते विसर्जित झालं. कोइंब्राच्या जाळ्याने सत्ता घेतल्यावर ती तब्बल चार दशकं सोडली नाही. मला या दोन्हींमधला सर्वांत मोठा फरक इथे दिसतो, धर्म असण्या-नसण्यात नाही.

७ मे १९४०ला पोर्तुगाल आणि पोप यांच्यात करार झाला. पोर्तुगालच्या बाजूने वाटाघाटी केल्या त्या पुन्हा फिगैरेदुंनी. त्याच दिवशी मिशनकार्याचा वेगळा करारही झाला आणि गोव्याच्या दृष्टीने तो महत्त्वाचा. वसाहतींतले बिशप पोर्तुगीज नागरिकच असतील, त्यांच्या नेमणुकीआधी सरकारला राजकीय आक्षेप घेता येईल, आणि मिशनला सरकार पैसे देईल. पुढच्याच वर्षी निघालेल्या कायद्यात कॅथलिक मिशन म्हणजे साम्राज्याच्या उपयोगाच्या संस्था, असं स्पष्ट लिहिलं गेलं. चर्चने मोबदल्यात बरंच मिळवलं: शाळांतून धर्मशिक्षण, चर्चमध्ये लागलेल्या लग्नाला कायद्याची मान्यता, प्रतिष्ठा. दिलं काय, तर आपला आवाज. मला हा सौदा क्षम्य वाटत नाही. सेरेजैरा आपल्या मित्राला खाजगीत काय सांगत असतील ते असो, सभोवताली माणसं कोठडीत मार खात असताना देशातला सर्वोच्च धर्मगुरू जाहीरपणे राजवटीच्या पाठीशी उभा होता.

गोव्यात या सगळ्याचा अर्थ उलटा-सुलटा झाला. ज्या प्रजासत्ताकाने पोर्तुगालमधल्या श्रद्धाळूंना दुखावलं, त्याच प्रजासत्ताकाने गोव्यातल्या हिंदूंना प्रथमच बरोबरीचे नागरिक केलं होतं. शाळा, नोकऱ्या, मराठी वर्तमानपत्रं यांना १९१०नंतर जीव आला. गोव्यात बहुसंख्या हिंदूंची होती, विसाव्या शतकाच्या मध्याला साधारण साठ टक्के. १९३०मध्ये सालाझारांनी वसाहतींचा कायदा आणला आणि ही बरोबरी पुन्हा खाली ओढली गेली. त्याला गोव्याच्या विधान कौन्सिलात सर्वांत आधी कोणी विरोध केला? लुईस द मिनेझिस ब्रागांझा यांनी. चांदरच्या कॅथलिक घराण्यातले. जुलै १९३०च्या त्यांच्या ठरावात गोव्याच्या स्वयंनिर्णयाचा हक्क मांडलेला आहे.

त्यांचे मेहुणे त्रिस्तांव द ब्रागांझा कुन्हा, तेही चांदरचे. पॅरिसमध्ये शिकले, गोव्यात काँग्रेस कमिटी स्थापन केली. पोर्तुगीज सत्तेने गोवेकरांना, त्यातही कॅथलिकांना, स्वतःच्या मुळापासून कसं तोडलं, हे त्यांनी १९४४मध्ये एका पुस्तिकेत मांडलं. १८ जून १९४६ला मडगावात समाजवादी नेते लोहिया यांची सभा झाली, त्यानंतर महिन्याभरात कुन्हांना अटक झाली. आठ वर्षांची शिक्षा देऊन पोर्तुगालच्या पेनिशच्या किल्ल्यात रवानगी. समुद्रात घुसलेल्या कड्यावरचा तो तुरुंग, सालाझारांच्या विरोधकांसाठी राखलेला. शिक्षेनंतर १९५३मध्ये ते पोर्तुगालमधून निसटून पॅरिसला गेले आणि मग मुंबईला आले. रानड्यांच्या आधी दहा वर्षं याच वाटेने हा कॅथलिक माणूस गेला होता. सांगलीत रानड्यांचं नाव घेताना कुन्हांचं नाव शेजारी यावं असं मला मनापासून वाटतं.

राजवटीला मात्र वेगळं चित्र हवं होतं. सेंट फ्रान्सिस झेव्हियर यांच्या मृत्यूला १९५२मध्ये चारशे वर्षं झाली. जुन्या गोव्यात त्यांच्या अवशेषांचं प्रदर्शन भरलं, ते राज्याचा सोहळा म्हणून. भक्त आले ते भक्तीनेच, याबद्दल शंका नको. पण सरकारला त्या गर्दीतून जगाला सांगायचं होतं की गोवा म्हणजे कॅथलिक पोर्तुगाल, आणि त्याला भारताचा हात लागणं म्हणजे धर्मावर आक्रमण.

हा दावा मोडून काढायचा तर कॅथलिकांनीच पुढे व्हायला हवं, हे चळवळीतल्या लोकांनी ओळखलं होतं. १५ ऑगस्ट १९५४ला गोवेकर सत्याग्रहींच्या ज्या तुकड्या सीमा ओलांडून आत गेल्या, त्यांचे नेते होते आल्फ्रेड आफोन्सो, अँथनी डिसोझा आणि मार्क फर्नांडिस. तेरेखोलच्या किल्ल्यावर तिरंगा चढला. दुसऱ्या वर्षी, मे १९५५पासून, पुण्याच्या गोवा विमोचन सहायक समितीने तुकड्यांमागून तुकड्या पाठवल्या. ना. ग. गोरे, सेनापती बापट, मग मधू लिमये. माझे वडील तेव्हा मिरज जंक्शनला रेल्वेत होते. पुण्याहून आलेल्या मीटरगेजच्या गाडीतून बेळगाव-लोंढ्याकडे जाणाऱ्या सत्याग्रहींना फलाटावर भाकरी-पिठलं द्यायला गावातल्या बायका येत, असं ते सांगत. १५ ऑगस्ट १९५५ला निःशस्त्र लोकांवर सीमेवर गोळीबार झाला आणि वीसहून अधिक माणसं मेली. नंतर भारताने गोव्याची रेल्वे बंद केली.

रानडे या सत्याग्रहींपैकी नव्हते. ते सावरकरांच्या विचारांतून घडलेले, सशस्त्र मार्गाचे. मराठी शिक्षक म्हणून गोव्यात गेले, तिथल्या मुलांना शिकवू लागले आणि आझाद गोमंतक दलाचं काम करू लागले. ते वाढले त्या सांगलीत हे सारं अनोळखी नव्हतं. २४ जुलै १९४३ला वसंतदादा पाटील आणि साथीदार सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडले तेव्हा रानडे शाळकरी वयाचे होते. पुराच्या कृष्णेच्या काठाने पळताना दादांना गोळी लागली, दोन साथीदार गेले. ही गोष्ट सांगलीतल्या प्रत्येक पोराला पाठ असे. संस्थान पटवर्धनांचं, तुरुंग त्यांचा, पण लोकांचं मन कुणाकडे होतं हे उघड होतं.

जुलै १९५५मध्ये नेहरू रोमला गेले आणि पोप बारावे पायस यांना भेटले. बाहेर आल्यावर नेहरूंनी सांगितलं की गोव्याचा प्रश्न राजकीय आहे, धार्मिक नाही, हे पोपना मान्य आहे. सालाझारांच्या सर्वांत मोठ्या युक्तिवादाचा आधार त्या भेटीने काढून घेतला. रोम आणि लिस्बन यांची ओढाताण भारतात जुनी होती. पोर्तुगालच्या राजाकडे आशियातल्या चर्चचे हक्क, त्याला पाद्रोआदो म्हणत. त्याला समांतर रोमने नेमलेली थेट यंत्रणा. आमचा सातारा पुणे धर्मप्रांतात, रोमच्या बाजूला. पाचगणीचं सेंट जोसेफ कॉन्व्हेंट १८९५पासूनचं, तिथल्या ननांना लिस्बनशी काही देणंघेणं नव्हतं. मुंबईत मात्र हे भांडण घरोघर पोचलेलं. तडजोड म्हणून तिथले आर्चबिशप आळीपाळीने इंग्रज आणि पोर्तुगीज नेमले जात. १९५०मध्ये पोर्तुगालने तो हक्क सोडला आणि गोवेकर आईबापांचे व्हॅलेरियन ग्रेशस मुंबईचे आर्चबिशप झाले. १९५३मध्ये भारताचे पहिले कार्डिनल. एकाच धर्माची माणसं सीमेच्या दोन बाजूंना दोन वेगळ्या गोष्टी मानत होती. पणजीतले पॅट्रिआर्क पोर्तुगीज राज्याचे, मुंबईतले कार्डिनल भारताचे नागरिक.

पोर्तुगालमध्येही भेग पडली. १९५८च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत जनरल उम्बेर्तु देल्गादु राजवटीच्या विरोधात उभे राहिले. लोक त्यांच्यामागे लोटले, निकाल मात्र सरकारला हवा तोच लागला. त्यानंतर जुलैमध्ये पोर्तोचे बिशप आंतोनियु फेरैरा गोमिश यांनी सालाझारांना पत्र लिहिलं: शेतकऱ्याचं दारिद्र्य, संपाचा हक्क, कॅथलिकांना स्वतःचं राजकीय मत असण्याचा हक्क. पत्र बाहेर फुटलं. १९५९मध्ये बिशप देशाबाहेर गेले ते त्यांना दहा वर्षं परत येऊ दिलं नाही. कोइंब्राच्या तरुणांनी १९१२मध्ये चर्चसाठी जे स्वातंत्र्य मागितलं होतं, तेच हा बिशप १९५८मध्ये माणसांसाठी मागत होता, आणि त्याला हद्दपार करत होतं ते कोइंब्राच्याच माणसाचं सरकार. देल्गादु फेब्रुवारी १९६५मध्ये स्पेनच्या सीमेवर मारले गेले. गोळी झाडणारा गुप्त पोलिसांचा हस्तक काझिमिरु मोन्तैरु. गोव्यातल्या चळवळीच्या लोकांना ते नाव पाठ होतं. सत्याग्रहींना कोठडीत बडवणारा तोच.

डिसेंबर १९६४मध्ये पोप सहावे पॉल मुंबईला आले, आंतरराष्ट्रीय युकॅरिस्ट परिषदेसाठी. गोवा घेणाऱ्या भारतात पोपने पाऊल ठेवावं हे लिस्बनला सहन झालं नाही. परराष्ट्रमंत्री फ्रांकु नोगैरा यांनी हा विनाकारण केलेला अपमान असल्याचं म्हटलं, आणि पोर्तुगालमधल्या वर्तमानपत्रांतून त्या दौऱ्याच्या बातम्या सेन्सॉरने कापल्या. कॅथलिक राज्य म्हणवणाऱ्या सरकारने स्वतःच्या पोपच्या बातम्या कापल्या! धर्म आणि सत्ता यांतलं कोण कुणाचं मालक झालं होतं ते तिथे दिसलं.

रानड्यांसाठी इकडे धडपड चालू होतीच. संगीतकार सुधीर फडक्यांनी त्यांच्या सुटकेसाठी समिती उभी करून वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. गाण्यांच्या ध्वनिमुद्रणांतून वेळ काढून हा माणूस मंत्र्यांचे उंबरे झिजवत होता. पण कुलूप उघडलं ते अनपेक्षित हातांनी. १९६८मध्ये तेव्हाच्या मद्रास राज्याचे, म्हणजे आजच्या तमिळनाडूचे, मुख्यमंत्री अण्णादुराई परदेश दौऱ्यात व्हॅटिकनला गेले. पोपची भेट झाली तेव्हा त्यांनी स्वतःसाठी किंवा आपल्या राज्यासाठी काही मागितलं नाही. पोर्तुगालमध्ये अडकलेल्या मोहन रानडे नावाच्या माणसाला सोडवा, एवढंच मागितलं. ईश्वर मानण्या-न मानण्याच्या वादात वाढलेल्या द्रविड चळवळीतला नेता, सावरकरांना मानणारा कैदी, आणि मध्यस्थ रोमचे पोप. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सालाझार खुर्चीवरून पडले आणि पुढे मेंदूतल्या रक्तस्रावाने कायमचे निकामी झाले. सप्टेंबरात मार्सेलु कायतानु पंतप्रधान झाले. जानेवारी १९६९मध्ये रानडे सुटले. ३ फेब्रुवारीला अण्णादुराई गेले. पोर्तोचे बिशपही १९६९मध्येच घरी परतले.

रानडे पुढे पन्नास वर्षं जगले, त्यांनी ‘सतीचे वाण’ लिहिलं, २००१मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि जून २०१९मध्ये पुण्यात त्यांचं निधन झालं. राजवट एप्रिल १९७४मध्ये लष्करातल्या तरुण अधिकाऱ्यांनी संपवली आणि काशियासचे दरवाजे उघडले. त्याच वर्षी ३१ डिसेंबरला दिल्लीत करार होऊन पोर्तुगालने गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं. पोर्तुगालच्या वतीने सही केली परराष्ट्रमंत्री मारिउ सोआरिश यांनी. सालाझारांच्या पोलिसांनी त्यांना पुन्हा पुन्हा तुरुंगात टाकलं होतं, आणि देल्गादुंच्या खुनानंतर त्यांच्या कुटुंबाचे वकीलही तेच होते. भारताच्या वतीने सही केली यशवंतराव चव्हाणांनी. बेचाळीसला साताऱ्यात भूमिगत राहून तुरुंग पाहिलेले, देवराष्ट्र्याला जन्मलेले. ते गाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होतं, आज सांगलीत आहे.